पाझरपत्रिकेच्या मूळपुरुषाच्या गौरवाची हकीकत

आदौ नमन पाण्यास, जे कोणाची भीड धरीत नाही आणि कोणाचे भाषणास टाळी देत नाही. त्याचे साक्षीने हे वर्तमान लिहिले असे. गौरव जाहला तो काळ शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. दौलत थोर, नाव सांगू नये. तेथे मातीची धरणे बहुत आणि धरणांहून शहाणे बहुत. त्या दौलतीत नरहरपंत बोकील म्हणोन मोठे विद्वान. त्यांनी ऐन उमेदीत मातीचे धरणातून पाणी कैसे झिरपते याचे गणित बांधिले, आणि त्या एकाच विषयाची ‘पाझर’ नामे संशोधनपत्रिका स्थापिली, आणि पहिला अंक स्वयंपाकघरात पाटावर बसोन घडी केला, आणि त्यांचे कुटुंब सगुणाबाई यांनी खळ शिजवोन पाकिटे चिकटविली. लोक हसले, की आज पाझरावर पत्रिका काढिली, उद्या घामावर काढतील. पंत म्हणाले, “हसून घ्या. धरण फुटेल तेव्हा रडायलाही सवड मिळायची नाही.” मग पत्रिका वाढली, आणि तीत छापिले ते ब्रह्मवाक्य ऐसा लौकिक जाहला. पंतांनी दोन दंडक घातले. एक, लेख येताच लेखकाचे नाव काढोन मग तो परीक्षकांकडे धाडावा. कारण नाव दिसले की विद्वानाची मान लवते, आणि मान लवली की अक्षर दिसत नाही. दुसरा, एकदा नाकारिला तो लेख पुन्हा घेणे नाही, लेखक साक्षात ब्रह्मदेव का असेना.

पुढे पंत वृद्ध जाहले आणि संपादकाचे गादीवर शिष्य उद्धवराव जाचक यांस बसविले. शिष्य गुरुभक्त ऐसा, की गुरूचे पाय धरिले ते सोडीना, आणि पाय धरिल्याने गुरूस चालता येत नाही हे त्याचे ध्यानी येईना. पंत घरी बसोन आपलेच गणित पुन्हा तपासू लागले, तो दोष सापडला. काळ्या मातीत ते गणित लंगडे. पाण्यासंगे मातीचा बारीक कण निघोन जातो, आणि तो अडविण्यास धरणाचे पोटात वाळूचा थर घालितात तो दुप्पट पाहिजे. आणि तेच समयी त्याच गणितावर, काळ्या मातीचेच, नवे धरण उभे राहात होते, आणि खालती गावे नांदत होती. पंत तातडीने धरणाचे मुख्य अभियंत्यांकडे गेले. ते उठोन उभे राहिले, चहा मागविला, आणि म्हणाले, “पंत, तुमचा शब्द शिरसावंद्य. पण ‘पाझर’मध्ये छापून आल्याशिवाय नकाशा बदलता येत नाही. ही शिस्त तुम्हीच लावलीत ना आम्हाला?”

मग पंतांनी लेख लिहिला. सगुणाबाई म्हणाल्या, “अहो, उद्धवाला एक फोन करा. घरचाच तर आहे.” पंत म्हणाले, “माझ्याच नियमाला मीच मागचं दार दाखवू?” आणि लेख रीतीने धाडिला, आणि कचेरीत कारकुनाने रीतीने नाव काढिले, आणि लेख परीक्षकांपुढे गेला. परीक्षक वाचोन लालबुंद जाहले. उद्धवरावांनी तर गुरूचे गौरवाचा विशेषांक मांडिला होता. त्यात हे विघ्न! मग अभिप्राय आला तो ऐसा: “लेखक नवखा दिसतो. पूज्य नरहरपंतांचे मूळ लेखन त्याने वाचलेले नाही. आधी ते समजून घ्यावे, मग लेखणी धरावी. अस्वीकृत.” पंत प्रथम पोट धरोन हसले. मग हसू विरले, कारण पावसाळा दूर नव्हता.

गौरवाचा दिवस आला. सनई वाजली, शाल जाहली, श्रीफळ जाहले, आणि नव्या धरणास ‘नरहरसागर’ नाव दिल्याचे जाहीर जाहले. मग उद्धवराव उठले आणि बोलले, “मित्रहो, या अंकासाठी कोण्या उपटसुंभाचा लेख आला होता. म्हणे, सरांचं गणित चुकलं! आम्ही तो केराच्या टोपलीत टाकला. आमच्या जिवात जीव आहे तोवर सरांच्या केसाला धक्का लागू देणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट जाहला. पंत शाल सावरीत उठले आणि म्हणाले, “तो उपटसुंभ मी.” मग कोणी हसले, आणि सारे हसले, आणि पुढल्या रांगेतून मुख्य अभियंते म्हणाले, “वा! विनय असावा तर असा!” पंत ओरडले, “टाळ्या थांबवा! गणित चुकलं आहे. वाळूचा थर दुप्पट करा!” तोवर सनई पुन्हा सुरू जाहली होती.

पंगतीत पंतांनी उद्धवरावांचा हात धरिला. “लेख छाप.” उद्धवरावांचा चेहरा उतरला. म्हणाले, “सर, नाकारलेला लेख परत घ्यायचा नाही, हा तुमचाच दंडक. आणि विशेषांकातला एकूण एक लेख तुमच्या गणितावर उभा आहे. तुम्हीच चुकलात म्हटलं, तर गौरव कशाचा केला आम्ही?” आपण रचिला किल्ला, आपणच आत कोंडलो, ऐसे जाहले. सगुणाबाई म्हणाल्या, “चला घरी. शाल पांघरवली नाही त्यांनी, तुमच्या तोंडावर टाकली.” मग पंतांनी वर्तमानपत्रास कळविले, तर वर्तमानपत्राने शालीचे छायाचित्र छापिले.

पुढील साली धरण काठोकाठ भरले. पंत काठी टेकीत धरणाचे पायथ्याशी जात, आणि पाझराचे पाणी पेल्यात धरोन उजेडात पाहात. पाझर निर्मळ तोवर भय नाही. गढूळ जाहला की धरणाची माती चालली. भाद्रपदात पेला गढूळ जाहला. पंतांनी धावत अभियंत्यांस कळविले, आणि त्यांनी दरवाजे उघडण्यास वरून हुकूम मागविला, आणि हुकूम येण्यापूर्वी नरहरसागर फुटला. गावे गेली, गुरे गेली, आणि ज्यांस धावता येईना ती माणसे गेली. वाचलेले लोक दुःख सांगताना पंतांचेच नाव घेत, कारण पाण्याचे नाव तेच होते.

कार्तिकात पंतांचे घरी ‘पाझर’चे पाकीट आले. परीक्षणास लेख, रीतीप्रमाणे निनावी. विषय: काळ्या मातीत बोकील-गणिताचा दोष, आणि वाळूचा थर दुप्पट करण्याचा उपाय. आकडे पंतांचे, वाक्येही बहुतेक पंतांचीच. मात्र “पूज्य गुरुवर्यांची क्षमा मागून” हे शब्द आरंभी नवे. सगुणाबाई म्हणाल्या, “अहो, हा तर तुमचाच लेख! उद्धवाने चोरला. फेकून द्या तो!” पंतांनी लेख अखेरपर्यंत वाचिला. मग म्हणाले, “अजून किती धरणं उभी आहेत त्या गणितावर. आणि नाव नाही ना त्याच्यावर? मग मी पाहायचं ते अक्षर.” आणि लेखणी घेतली, आणि खाली लिहिले: “मजकूर खरा आहे. त्वरित छापावा. लेखकाने हेच गेल्या वर्षी लिहिले असते तर बरे झाले असते.”

लेख उद्धवरावांचे नावे छापिला गेला. वाळूचे थर दुप्पट जाहले. येत्या माघात उद्धवरावांचा गौरव ठरला असून शालीची निवड चालू आहे. एवंच, थोरास देव केले की त्याची चूकही देव होते, आणि नैवेद्य गावे देतात. जैसे घडले तैसे लिहिले. अधिक-उणे पाण्यास पुसावे.