आजोबांनी पाळणाघर आवरलं

पाळणाघरात मुलं नुसती खेळतात, शिकत काही नाहीत, असं आजोबांनी घरात जाहीर करून टाकलं होतं. त्यापेक्षा नातीला घरी ठेवा, महिन्याभरात पाढे पाठ करून घेतो. सोमवारी सुनेची नवी नोकरी सुरू होणार होती आणि सासरे रोज एक ते चार घोरतात, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, एक दिवस तिथे बसून बघा," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल तसं."

आजोबांनी नोकरीत छत्तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेली. शुक्रवारी ते तिथल्या चिमुकल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. दुपारपर्यंत त्यांनी मुलांना पाण्यात चमचे बुडवताना आणि ठोकळे रचून पाडताना पाहिलं. पाटी कुठे दिसेना. जेवून मुलं झोपली, तेव्हा पाळणाघराच्या ताई म्हणाल्या, "डबे धुऊन येते. जरा लक्ष ठेवाल?"

आजोबांनी नको तितकं लक्ष ठेवलं. खिडकीत चौदा वाट्या होत्या आणि प्रत्येकीत ओला, कळकट कापूस. त्यांनी कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकला, वाट्यांवर चिकटवलेली चित्रं खरवडली आणि वाट्या घासून एकात एक रचल्या. कितीतरी वर्षांनी त्यांना कामाचं समाधान मिळालं.

मुलं उठली. वाचता येत नसल्याने तिथे प्रत्येकाची खूण म्हणजे एक चित्र होतं आणि हाकही त्याच नावाने. त्यातलं कासव खिडकीशी गेलं.

"आमच्या बिया कुठे आहेत?"

नातीचा खालचा ओठ थरथरू लागला. आजोबांनी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. डबे धुऊन परतलेल्या ताई आता आपल्याला फैलावर घेणार, अशी त्यांची खात्री होती. पण ताई जमिनीवर बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, "मग? आता काय करूया?"

मुलांनी कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला. "वाकडी शेपटी माझी," कासव म्हणालं. "माझीला काल सकाळी कोंब आला," घंटा म्हणाली. नातीने कापसातून एक न रुजलेली बी अलगद उचलली. "ही माझी. तिला वेळ लागतोय." बाराजणांनी आपापली ओळखली. उरलेल्या दोन बिया आज न आलेल्या छत्रीच्या आणि बदकाच्या, हेही त्यांनीच बोटं मोजून ठरवलं. छत्तीस वर्षांत चिठ्ठी निघालेली एकही फाइल आजोबांना ओळखता आली नव्हती. त्यांनी मुकाट्याने कापूस भिजवून दिला. त्यांना लाज वाटत होती आणि गंमत म्हणजे फार बरंही वाटत होतं.

मग मुलं गोल करून बसली. आजोबांना गोलाबाहेर बसवलं होतं.

"ते न विचारता टाकतात," घंटा म्हणाली.

"पण रडले नाहीत," कासव म्हणालं. "आणि वाट्या चांगल्या घासतात."

"त्यांना आधी विचारायला शिकवू," नात म्हणाली. बराच वेळ कुजबुज चालली. आजोबा कान टवकारून बसले, पण निकाल काही ऐकू आला नाही.

संध्याकाळी सून धापा टाकत दारात आली. तिने आधी सासऱ्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्यांच्या बाहीला कापूस चिकटलेला होता.

"बाबा, काय ठरलं मग?"

आजोबांनी घसा खाकरला. तेवढ्यात नातीने त्यांचं बोट धरलं.

"ठेवायचं ठरलं," ती म्हणाली. "पण सोमवारपासून आजोबांना वेळेवर पाठवायचं."