कॉलबरी रोव्हर्सच्या मॅनेजरची तब्येत

शनिवारी दुपारी हेमचंद्र सरनोबत अमेरिकेत पार्सिपनीतल्या आपल्या अपार्टमेंटच्या खिडकीत रेडिओ घेऊन उभा राहिला आणि त्यानं इंग्लंडमधल्या फुटबॉलचे निकाल ऐकले. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करून तो स्वयंपाकघरात आला.

"उत्तरा, आपण सात गोल खाल्ले," तो म्हणाला.

उत्तरा भाकरी थापत होती. "आपण म्हणजे कोण?"

"कॉलबरी रोव्हर्स. शून्य-सात. तेही घरच्या मैदानावर. आणि मॅनेजरला काढून टाकलं."

उत्तरानं तव्याखालची आच बंद केली. "मग आता रजेचं काय?"

खरा प्रश्न तोच होता. हेमचंद्रच्या धाकट्या बहिणीचं, कांचनचं, लग्न डिसेंबरात कोल्हापूरला ठरलं होतं. वडील नव्हते, त्यामुळे कन्यादान हेमचंद्र आणि उत्तरानंच करायचं होतं. त्यासाठी त्यानं चार आठवड्यांची रजा मागितली होती. पंप बनवणाऱ्या त्याच्या कंपनीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त रजा कुणी मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याचे साहेब मिस्टर हार्ग्रीव्हज म्हणाले होते, "सोमवारी सांगतो." आणि हार्ग्रीव्हज साहेबांचा सोमवार कसा जाणार, हे कॉलबरी रोव्हर्सच्या शनिवारावर अवलंबून असायचं. कॉलबरी जिंकली की ते डिझाइन सेक्शनमध्ये शीळ घालत फिरायचे. हरली की ज्याच्या त्याच्या ड्रॉइंगमध्ये चुका सापडायच्या.

साहेब मूळचे कॉलबरीचे. तिथं त्यांचं आता कुणी उरलं नव्हतं, तिकडचं वर्तमानपत्र पोस्टानं दोन-तीन आठवडे शिळं होऊन यायचं, आणि घरामागेच विजेचं सबस्टेशन असल्यामुळे त्यांच्या रेडिओवर नुसती खरखर यायची. हेमचंद्र नोकरीला लागला तेव्हा त्यांनी गाव विचारलं. कोल्हापूर म्हणताच पुढे विचारलं, "तिकडे फुटबॉल आहे का?" हेमचंद्रनं सांगितलं की प्रत्येक पेठेच्या तालमीची एकेक टीम आहे आणि मॅचच्या दिवशी अर्धं गाव मैदानावर असतं. हे खरंच होतं. उरलेलं अर्धं गाव काय करत असतं ते साहेबांनी विचारलं नाही. हेमचंद्र त्या अर्ध्या गावात होता आणि नगर वाचनालयात बसलेला असे. पण तेव्हापासून दर शनिवारी निकाल ऐकून साहेबांना फोनवर कळवायचं काम त्याच्याकडे आलं, आणि आपल्याला ऑफसाइडचा नियमही कळत नाही हे सांगायची वेळ निघून गेली.

"स्टँटन त्यांचा फार लाडका आहे," हेमचंद्र म्हणाला. स्टँटन म्हणजे टीम निवडणारा तो मॅनेजर. "त्याचा कुठला गुडघा दुखतो, तो चहात साखर किती घालतो, सगळं साहेबांना पाठ आहे. प्रेम असल्याशिवाय माणूस एवढं लक्षात ठेवतो का?"

"मग असं एकदम सांगू नका," उत्तरा म्हणाली. "मामंजी गेले तेव्हा आपल्याला कसं कळवलं होतं? आधी तार आली, जरा अशक्तपणा आहे. मग दवाखान्यात नेलंय. मग, जमलं तर येऊन जा. प्रत्यक्षात ते पहिल्या तारेच्या आधीच गेले होते. पण त्यामुळे तुम्हाला धक्का बसला नाही."

"बसला की."

"पण सावकाश बसला."

हेमचंद्रनं साहेबांना फोन लावला.

"हरलो?" साहेबांनी विचारलं.

"एक गोल तरी झालाय सर, आपल्यावर."

"एक-शून्य. ठीक आहे. स्टँटन काय म्हणतो?"

हेमचंद्रनं उत्तराकडे बघितलं. तिनं हातानं हळूहळू अशी खूण केली.

"मिस्टर स्टँटनना जरा बरं नाहीये."

"बरं नाही म्हणजे?"

"काळजीचं कारण नाही सर. सगळे त्यांच्याजवळ आहेत."

"सगळे कोण?"

"बोर्ड ऑफ डायरेक्टर्स."

साहेबांनी फोन ठेवला. पहिला टप्पा चांगला पार पडला, असं निदान हेमचंद्रला वाटलं.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर गुरुदत्त देव नेहमीप्रमाणे पोहे खायला आले होते. डॉक्टर नागपूरचे, वयानं मोठे, इथल्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढलेले. त्यांची दुसरी बशी चालू असताना बेल वाजली. दारात हार्ग्रीव्हज साहेब उभे होते. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

"आज रेडिओवर काही आलं का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

हेमचंद्रनं दुसरा टप्पा घेतला. "गोल तीन झाले असावेत सर."

"कालच्या मॅचचे गोल आज कसे वाढतील?"

"रेडिओचं रिसेप्शन सर. थोडं थोडं येतं."

"ते जाऊ दे. स्टँटन कसा आहे?"

"त्यांना घरी पाठवलंय."

साहेब सुस्कारा सोडून खुर्चीत बसले. "घरी पाठवलं म्हणजे बरा असेल."

डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पेशंट म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि मराठीत विचारलं, "कोण आहे हो? काय झालं त्याला?"

"इंग्लंडातले आहेत एक," हेमचंद्र चाचरत म्हणाला. "तसं काळजीचं कारण नाही, असं कळवलंय."

"काळजीचं कारण नाही म्हणून कळवलंय, आणि घरी पाठवलंय?" डॉक्टरांनी मान हलवली. "बाप्पा. मग कायची आशा आता?" मग साहेबांकडे वळून ते इंग्रजीत अतिशय मायेनं म्हणाले, "मन घट्ट करा. आमच्या अनुभवात, नातेवाइकांना असा निरोप येतो तेव्हा बहुतेक सगळं आटोपलेलं असतं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. उत्तरानं पुढे केलेल्या पोह्यांच्या बशीकडे त्यांनी नुसतं बघितलं.

"मी केलं हे," ते म्हणाले. "इतकी वर्षं दर शनिवारी तुझा फोन ठेवला की मी त्या माणसाला शिव्या दिल्या. गाढव आहे म्हणालो. गेल्याच आठवड्यात म्हणालो, हा मरत का नाही एकदाचा."

"पण सर, तुम्हाला ते आवडतात ना?" हेमचंद्रनं विचारलं.

"स्टँटन? त्याच्याइतका मी कुणाचाच द्वेष केला नाही. तो चहात तीन चमचे साखर घालतो, ठाऊक आहे? तीन."

हेमचंद्रनं मनात हिशेब केला. म्हणजे काल सरळ सांगितलं असतं, तर साहेबांनी आनंदानं सहा आठवडे दिले असते. "सर, एक मिनिट, मला जरा सांगायचंय," असं तो म्हणेपर्यंत साहेब उठले होते. "मला तार करायला हवी. वेळ असेल तर त्याच्यापर्यंत पोचेल," असं म्हणत ते जिना उतरले. हेमचंद्र चपला शोधून खाली पोचला तेव्हा गाडी निघून गेली होती. वर येऊन त्यानं त्यांच्या घरी फोन लावला. तो दुपारभर एंगेज लागला.

"मी काही चुकीचं बोललो का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," उत्तरा म्हणाली. "तुम्ही फक्त शेवटची तार आधी वाचलीत."

सोमवारी हेमचंद्र ऑफिसात पोचला तर स्टँटनसाठी साहेबांनी आणलेलं एक मोठं कार्ड टेबलाटेबलावरून फिरत होतं. त्यावर गुलाबाची फुलं होती आणि सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. फुटबॉल आणि रग्बी एकच असं समजणाऱ्या नीला पै या अकाउंट्समधल्या बाईंनी तर "देव तुमच्या पाठीशी आहे" असं लिहिलं होतं. कार्ड हेमचंद्रच्या हातात आलं. त्यानं ते उचललं, सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

"सर, मिस्टर स्टँटन जिवंत आहेत."

"देवाची कृपा. किती वेळ आहे त्याच्याजवळ?"

"भरपूर. ते ठणठणीत आहेत. आपण सात गोलांनी हरलो आणि क्लबनं त्यांना काढून टाकलं. एवढंच झालंय."

मग त्यानं सगळी हकिगत सांगितली. वडिलांच्या तारा, सावकाश बसणारा धक्का, डॉक्टर, सगळं. साहेब ऐकत राहिले.

"म्हणजे मी त्याला मारलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही सर."

"आणि तो गेला. क्लबमधून."

"हो सर. कायमचे."

साहेबांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती आणि ती हलत होती. हेमचंद्रला वाटलं रडतायत. ते हसत होते. डोळे पुसून त्यांनी खुर्ची परत वळवली.

"गेल्या कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "पण रजा दोनच आठवडे मिळेल. तू मला तीन गोल सांगतोस आणि ते सात निघतात. चार आठवडे सांगून कधी उगवशील, माझा भरवसा नाही."

यात अन्याय झाला असं हेमचंद्रला म्हणता येईना. घरी आल्यावर त्यानं हे उत्तराला एका दमात सांगितलं. दोन आठवड्यांतले चार दिवस विमानात आणि मुंबईहून खाली जाण्यात जाणार होते. देवक, हळद, लग्न, पाठवणी, सगळं धावत उरकावं लागणार होतं. त्या रात्री उत्तरानं भांडी जरा जोरात घासली.

गुरुवारी साहेबांनी त्याला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. या वेळी दार त्यांनीच लावलं.

"स्टँटनचा फोन आला होता," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"तारेत मी माझा नंबर दिला होता. लिहिलं होतं, जुनं सगळं विसरलो, काहीही लागलं तर माझं घर तुमचंच समजा. काढून टाकल्यावर त्याला आलेली ती एकुलती एक चांगली तार होती. फोनवर त्याला रडू आलं."

"अरेरे," हेमचंद्र म्हणाला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? रडणाऱ्या माणसाला काय म्हणतात? तो बायकोला घेऊन येतोय. डिसेंबरभर राहणार आहे. मला सगळे सीझन समजावून सांगणार आहे, मॅचवार. फिल्मची रिळं आणतोय." साहेबांनी टाय सैल केला. "मी सांगितलं, घर खुशाल वापरा, किल्ली शेजारी ठेवतो. पण मी स्वतः महिनाभर देशाबाहेर असेन. घरचं कार्य आहे, टाळता येणार नाही."

"तुमच्याकडे कार्य आहे सर?"

"तुझ्या बहिणीचं लग्न आहे ना?"

हेमचंद्रला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो हळूच समोरच्या खुर्चीत बसला.

"एक माणूस वाढला तर तुमच्याकडे अडचण होईल का?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका नरम त्यानं कधी ऐकला नव्हता.

"आमच्याकडे लग्नाला माणसं मोजत नाहीत सर."

"चांगलं आहे. आणि कोल्हापूरला तुझ्या घरी टेलिफोन?"

"घरी नाही. शेजारच्या पंडित वकिलांकडे आहे, पण तो महिनोन् महिने बंदच असतो. तक्रार केली की आणखी बिघडतो."

"उत्तम," हार्ग्रीव्हज साहेब म्हणाले, आणि त्यांनी हेमचंद्रच्या आणि स्वतःच्या चार आठवड्यांच्या रजेवर सही केली.