सोळावं तिकीट

जर्मनीच्या सहलीत रमण पारुळेकरचा निव्वळ फायदा होता दोनशे दहा रियालांचा. मस्कतच्या एजंटाने सांगितलं होतं, पंधरा माणसं आणा, सोळावं तिकीट फुकट. अल् खुवैरच्या एका बांधकाम कंपनीत सतरा वर्षं विटा आणि सळ्या मोजणाऱ्या रमणच्या कानाला हे वाक्य गाण्यासारखं गोड लागलं.

स्वतःसकट अकरा जमले. उरलेली पाच सोहारला राहणाऱ्या त्याच्या मित्राच्या, जहूरच्या घरची, आणि जहूरची आई खैरुन्निसा अडून बसली. "तितं आमच्या पोटात काय जाईल, कुनाला ठाव?"

रमणने वेळापत्रकाच्या तळाला सहीनिशी लिहून दिलं: रोज आपला स्वयंपाक. ज्या दिवशी चूल पेटणार नाही, त्या दिवसाचा सगळ्यांचा सगळा खर्च माझा.

विमानतळावर खैरुन्निसाच्या कुलूपबंद पिशवीचं वजन जास्त भरलं.

"खाला, तांदूळ जर्मनीतही मिळतो हो."

"मिळंल. पन आपला नाय मिळायचा."

अठरा रियाल बसले. रमणने ते सहलीच्या वहीत 'खाजगी' या रकान्यात टाकले, म्हणजे खैरुन्निसाच्याच खिशातून.

पण जर्मनीतलं ते गाव काय होतं! लाकडी वाशांच्या चौकटीतली पाचशे वर्षांची घरं एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी, जणू लग्नाच्या फोटोतले काका. रमण वेशीच्या बुरुजापासून धावत सुटला. "जहूर, हा वासा बघ! एक खिळा नाही, सगळं खाचेत खाच!"

त्या दिवशी शुक्रवार होता, मस्कतचा सुट्टीचा वार, आणि इथे दुकानं चक्क उघडी होती.

"बघा, याला म्हणतात कष्टाळू लोक," रमण म्हणाला. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा धंदा!"

"मग भाजी घेऊन टाकू ना," त्याची बायको सुगंधा म्हणाली.

"सुट्टीचा भाव लावतील. शनिवारी रात्रीपर्यंतचा शिधा आहे आपल्याकडे. रविवारी निवांत बाजार करू."

शनिवारी किल्ला बघून परतेपर्यंत दुकानांची दारं लागली होती. "आठवड्याचा पहिला दिवस," रमणने समजावलं. "हळूहळू सुरुवात करतात."

रविवारी सकाळी तो सहा पिशव्या घेऊन निघाला. पहिलं दुकान बंद. दुसरं बंद. चौकात चिटपाखरू नाही, फक्त घंटा वाजतायत आणि म्हातारी माणसं इस्त्रीचे कोट घालून कुठेतरी निघालेली. "कोणीतरी मोठं माणूस गेलंय गावातलं," रमणने अंदाज बांधला आणि आवाज हळू केला.

रिकाम्या पिशव्या बघून सुगंधा म्हणाली, "अहो, लहानपणी रविवारी कधी शाळेत गेला होतात का?"

रमण खाली बसला. सतरा वर्षांच्या शुक्रवारांनी त्याच्या डोक्यातला रविवार पार पुसून टाकला होता.

"हॉटेलं उघडी आहेत," तो पुटपुटला.

"तिथल्या कार्डावर डुकराशिवाय पान नाही," जहूर म्हणाला आणि त्याने खिशातून घडी घातलेलं वेळापत्रक काढलं. "खाली काहीतरी लिहिलंय. चष्मा देऊ?"

सोळा माणसांच्या त्या दिवसाच्या खोल्या, बस, प्रवेशाची तिकिटं. रमणने पुटपुटत बेरीज केली. तीनशे चाळीस रियाल. दोनशे दहाचा फायदा गिळून वर एकशे तीस.

खैरुन्निसा तिच्या पिशवीवर हात ठेवून बसली होती. आत दहा किलो तांदूळ, मसूर, सोडे, लोणचं.

"खाला," रमण अगदी जावयासारखा वाकला, "तेवढी पिशवी..."

"ती खाजगी हाय. तूच लिवलंस."

"आत्ता खोडतो."

"खोड. अठरा रियाल परत दे. आनि माझा तिकीट फुकट."

"खाला, तिकीट दोनशे दहाचं आहे!"

"दोनशे दहा मोटा का तीनशे चाळीस, ता सांग. तू हिशेबाचा मानूस."

दुपारी एक वाजता लॉजच्या स्वयंपाकघरात चूल पेटली. मसुराच्या खिचडीचा आणि सोड्यांचा घमघमाट त्या पाचशे वर्षांच्या वाशांत असा शिरला, की लॉजची मालकीणही ताटली घेऊन आली. रमण दोनदा जेवला, कारण निदान पोटापुरती वसुली करायलाच हवी होती.

रात्री सुगंधाने वहीतला जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवला. सोळा माणसं, पंधरा तिकिटांचे पैसे. एजंटाने शब्द पाळला होता, एक माणूस खरोखरच फुकट आलं होतं. पिशवीसकट.