रिटायरमेंटची रंगीत तालीम

महिपतराव शिगवण गणपतीच्या तोंडावर रिटायर होणार होते, आणि आपल्याइतक्या तयारीनं रिटायर होणारा माणूस भाईंदर पश्चिमेला आजवर झाला नाही, असं ते स्वतःच सांगत. फंडाचं मार्गी लागलं होतं, गावच्या घरावर नवी कौलं चढली होती. राहिली होती फक्त तालीम.

तालीम म्हणजे अगदी तालीमच. महिपतराव रत्नागिरीकडचे. तरुणपणी गावच्या नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळात, ते संकासुराचं काम करायचे, आणि तालमीशिवाय सोंग अंगावर चढवायचं नाही ही तिकडची शिस्त.

"आणि रिटायरमेंट म्हणजे केवढं मोठं सोंग," ते बायकोला, सुगंधाबाईंना म्हणाले. "ते काय आयत्या वेळी चढवायचं? पंधरा दिवसांची रजा टाकतो. घरी बसून बघतो कसं जमतंय ते."

त्यांना भीतीही वाटत होती, तीही सांगितलेली बरी. कंपनीतले त्यांचे जोडीदार धर्माजी आदल्या वर्षी रिटायर झाले आणि खुर्चीत बसून बसून नुसते सुकून गेले. घरात चहासुद्धा त्यांना विचारून होत नव्हता. आपलं तसं होऊ नये, घरात आपली किंमत राहावी, एवढंच महिपतरावांचं मागणं होतं.

"पण कुणाजवळ बोलू नकोस," त्यांनी बजावलं. तालीम बाहेरच्यांना दाखवायची नसते, हीसुद्धा तिकडचीच शिस्त. सुगंधाबाई बरं म्हणाल्या, आणि पुढचा सगळा घोळ या एका 'बरं'मुळे झाला.

पहिल्या दिवशी महिपतराव गॅलरीत खुर्ची टाकून बसले, चहा प्यायले, पेपर वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मग जाहिराती वाचल्या. तेवढ्यात आतून डबा पडल्याचा आवाज आला आणि ते उठले. इथून पुढे ते काही बसले नाहीत.

महिपतराव होते कंपनीत स्टोअरकीपर. जन्म गेला गोडाऊनमध्ये. स्वयंपाकघरातला कारभार पाहून त्यांना घेरीच यायची बाकी राहिली. साखरेच्या डब्यात डाळ, डाळीच्या डब्यात हळद, आणि हळदीच्या डब्यात सुतळी! संध्याकाळपर्यंत सगळे डबे उंचीप्रमाणे लागले, आणि त्यांच्यासमोर स्टूल टाकून महिपतराव बसले.

"जरा मोहरी द्या," सुगंधाबाई म्हणाल्या.

"कशाला हवीय?"

"फोडणीला. आणखी कशाला?"

"सकाळी दिली होती ती संपली एवढ्यात?"

स्टोव्हवरच्या तेलातून धूर निघत होता. सुगंधाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस दिवसभर नेमकं काय करतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी महिपतराव चाळीच्या नळावर गेले. तिथे कळश्या घुसवून भांडणं चालायची. त्यांनी खडूनं आखणी केली, भांडी रांगेत लावली आणि स्वतः नळाशी उभे राहिले. शेजारच्या विमलाबाईंची बादली त्यांनी परत पाठवली, कारण ती आखणीबाहेर होती. भांडणं थांबली खरी, पण पाणी जाईपर्यंत निम्मी बिऱ्हाडं कोरडीच राहिली.

दुपारी सुगंधाबाईंच्या खोलीत चाळीतल्या बायका जमायच्या. कुणी तांदूळ निवडायच्या, कुणी सुनेला शिव्या घालायच्या. आता मधोमध महिपतराव. "चालू द्या, माझं लक्ष नाही," असं म्हणून त्यांनी तांदूळ निवडायची सोपी रीत समजावून सांगितली. दुसऱ्या दुपारी कुणीच आलं नाही. सुगंधाबाई एकट्याच दारात बसून राहिल्या. त्यांना रडायला आलं, पण नवरा समोरच होता, म्हणून रडताही येईना.

मग आली गोदूबाई. खाडीकडच्या कोळीवाड्यातून ती टोपली घेऊन चाळीत यायची. महिपतरावांनी टोपली जिन्यातच उतरवली आणि माल तपासायला घेतला. एकेका माशाचे कल्ले उघडून ते पास-नापास करू लागले.

"हे बोंबील नापास."

"का रं बाबा? ताजे हायेत."

"एकसारखे नाहीत."

"दर्यानं एकसारखे दिले न्हायत, मी काय करू?" गोदूबाईनं टोपली डोक्यावर घेतली. "ह्यो इथं हाय तवर मी या चाळीत येणार न्हाय."

आणि ती आली नाही. कोकणी चाळ, आणि ताटात मासे नाहीत. प्रकरण आता गंभीर झालं.

"पण हे घरी का?" विमलाबाईंनी सुगंधाबाईंना गाठून विचारलं. "भावोजींना काढलं की काय?"

सुगंधाबाईंना न बोलण्याची ताकीद. त्यांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ चाळीनं लावला, आणि संध्याकाळपर्यंत ठरलं की महिपतराव सस्पेंड झालेत आणि धक्क्यानं त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले. ही आपली वाढलेली किंमत, असं समजून महिपतराव मनातून सुखावले.

शेवटी चाळीतले वडीलधारे धाकूकाका म्हणाले, "माणूस आपल्यातला हाय. देवाला गाऱ्हाणं घालूया." त्यांचा शब्द कोण मोडणार? गोदूबाईलाही मुद्दाम बोलावणं गेलं.

रविवारी चौकात पाटावर नारळ ठेवला. आपल्या रिटायरमेंटसाठीच बायकोनं हे योजलं असणार, असं धरून महिपतराव स्वच्छ धोतर नेसून हात जोडून उभे राहिले. गाऱ्हाण्याची रीत अशी, की म्हातारा एकेक मागणं मागतो आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की मागणं काय हे कानात शिरायच्या आधी तोंड उघडतं.

"बा देवा म्हाराजा," धाकूकाकांनी सुरुवात केली, "ह्या महिपताला कामावरनं काढलाय…"

"व्हय म्हाराजा!"

"कुणाला काढलंय?" महिपतराव ओरडले. "अहो, मी रजेवर आहे. पगारी रजा! रिटायरमेंटची तालीम करतोय."

चौकातले जोडलेले हात खाली आले. मग विमलाबाईंनी विचारलं, "म्हणजे रिटायर झाल्यावर तुम्ही रोज असेच?"

"रोज," महिपतराव अभिमानानं म्हणाले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गोदूबाईनं टोपली उचलली. तेवढ्यात सुगंधाबाई पुढे झाल्या. चारचौघांत त्या कधी बोलत नसत.

"धाकूकाका, गाऱ्हाणं अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या, आणि हात जोडून त्यांनीच पुढे चालवलं. "देवा, हा माणूस मला आयुष्यभर हवाय. पण संध्याकाळी हवाय. रिटायर झाल्यावर दिवसभरासाठी ह्यांना कुठंतरी काम मिळू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ गरजली.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, गोदूबाई हसत टोपली घेऊन थेट जिना चढली. महिपतराव मात्र जागच्या जागी उभे होते. चाळ काय, काहीही म्हणते. त्यांना बोचत होतं ते वेगळंच. त्या आवाजात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.