अण्णांनी वाटलेली अक्षत

गादीच्या दुकानातून रेडिओवर थेट प्रसारण करायचं असलं की आमचे सोनवणे अण्णा आधी त्या दुकानात झोपतात. जरा पाठ टेकून बघतात असं नाही, चक्क झोपतात. चपला काढून, चष्मा उशाशी ठेवून, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी मालक शेजारी ताटकळत उभा, आमची प्रसारणाची वेळ झालेली, आणि अण्णा ढाराढूर. मी हलवलं तर डोळे न उघडता म्हणाले, "ताई, माल पहिले. माईक मंग."

मग मी तरी काय करणार? माईक त्यांच्या तोंडाशी नेला आणि सगळ्या सुरतेला त्यांचं घोरणं ऐकवलं. म्हटलं, "श्रोतेहो, हे आमचे अण्णा. गादी चांगली आहे का, एवढंच बघायला आडवे झाले होते." मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. पण तासाभरात माणसं यायला लागली. "ते झोपलेले काका कुठे आहेत?" असं विचारत यायची, अण्णांकडे बघून हसायची, मग स्वतः गादीवर बसून बघायची. त्यातल्या बऱ्याच जणांनी गाद्या घेतल्यासुद्धा.

मी सुरतच्या एका छोट्याशा एफएम स्टेशनवर बोलते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून साताऱ्याहून इथे आले. बडबडीची खोड होतीच, ती पोटापाण्याला लागली. अण्णा आमच्याकडे बाहेरचं लाइव्ह बघतात. म्हणजे एखादा दुकानदार पैसे देतो आणि आम्ही त्याच्या दारात टेबल मांडून तिथूनच कार्यक्रम करतो. मांडव, वायरी, माईक, माणसं, सगळं अण्णांच्या गळ्यात. मूळचे धुळ्याकडचे, पण सुरतेच्या उधना भागात इतकी वर्षं काढली आहेत की मराठी, अहिराणी, गुजराती आणि हिंदी त्यांच्या एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

अण्णांच्या राज्यात मला 'भव्य' म्हणायला बंदी आहे. 'धमाका' तर नावच काढायचं नाही. एकदा तोंडातून निघून गेलं, तर हा माणूस भर प्रसारणात रस्त्यावर जाऊन इकडेतिकडे बघून आला आणि म्हणाला, "कुठं झाला धमाका? मला तं नाही ऐकू आला." साडीला नुसतं सुंदर म्हटलं की विचारणार, "कोणाला सुंदर? नेसणारीला का विकणाऱ्याला?" असा राग यायचा ना! पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, या धंद्यात तिघांचं पोट भरलं पाहिजे. दुकानदाराचं, आपलं, आन् ऐकून आला त्याचं. तो तिसरा उपाशी गेला का पहिले दोघं बी जातात."

बोलायला ठीक आहे हो. पण मधे आमचे ग्रह फिरले. पलसाण्याच्या हायवेवर एका फरशीच्या दुकानातून लाइव्ह केलं, तर अख्ख्या सकाळी एकच माणूस आला, तोही बारडोलीचा रस्ता विचारायला. दुकानदार भडकला. आमचे मॅनेजर मेहुलभाई तसे सज्जन, पण त्यांनाही वरच्यांना जबाब द्यावा लागतो. त्यांनी अण्णांना बोलावून सांगितलं, "अण्णा, उधन्याचं एक लाइव्ह कबूल केलंय तेवढं करू. त्याला माणसं आली नाहीत तर बाहेरचं बंद. तुम्ही स्टुडिओत बसून जाहिराती लावा."

अण्णा बाहेर आले तेव्हा चेहरा एवढासा झाला होता. ज्या माणसाला चहासुद्धा टपरीवर उभं राहून, चार अनोळखी माणसांशी वाद घालत प्यायला लागतो, त्याला काचेच्या खोलीत एकटं बसवायचं म्हणजे जिवंतपणी फोटोत घालण्यासारखंच. मी म्हटलं, "पत्रकं वाटू या अण्णा, घरोघर."

"पत्रकानं माणूस येत नाही ताई. पत्रकावर लोक भजे खातात." म्हणाले आणि एकदम उठले. "माणूस अक्षतीनं येतो."

खानदेशात काय, आमच्या साताऱ्यात काय, कुंकू लावलेले तांदूळ दारात येऊन हातावर ठेवले की ते आमंत्रण मोडता येत नाही. अण्णांनी तांदूळ रंगवले, धुवट सदरा घातला, डोक्यावर टोपी चढवली आणि उधन्यातल्या आपल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. प्रत्येक दारात हात जोडून एकच वाक्य: "रविवारी सकाळी धनसुखभाईच्या दुकानापाशी या. सहकुटुंब या. माझी लाज राखा." रेडिओचं सांगायला विसरले. त्यांना वाटलं, मी रेडिओवाला, हे तर जगजाहीर आहे.

कबूल केलेलं लाइव्ह होतं ते याच धनसुखभाईंचं; दुकान नवीन होतं. गॅसच्या शेगड्या, मिक्सर, कुकर असला माल. रविवारी आम्ही टेबल मांडलं, मी "नमस्कार उधना" म्हणाले, आणि गल्लीच्या तोंडाशी बघते तो काय! बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून, पुरुष कडक इस्त्रीत, म्हातारी माणसं आधार घेत घेत, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. टॉवेल-टोपी, ब्लाऊजपीस, स्टीलचे डबे. ही एवढी मोठी रांग!

धनसुखभाई हरखून पुढे झाले. तेवढ्यात सगळ्यांत पुढच्या म्हातारीने, जिला गल्लीत सगळे जिजी म्हणतात, मांडवात चौफेर बघून खणखणीत आवाजात विचारलं, "नवरी कोठे शे?"

माईक चालू होता. ते सगळ्या सुरतेने ऐकलं.

झालं होतं असं, की पन्नाशी उलटलेला ब्रह्मचारी माणूस टोपी घालून दारोदार अक्षत देतोय म्हटल्यावर गल्लीने एकच अर्थ काढला. सोनवण्याचं लग्न ठरलं! आणि लाज राखा म्हणतोय म्हणजे घाईत ठरलं असणार. अक्षत घेतली की आहेर आणायचा असतो, आणि आहेर घेणाऱ्याने जेवू घालायचं असतं, हे अण्णांच्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार कसं? घरचं कार्य असं त्यांनी कधी केलंच नव्हतं. बहिणींची लग्नं गावाकडे काकांनी उरकली. हे इथून पैसे पाठवत राहिले, आणि स्वतःचं तसंच राहून गेलं.

"अरे, आ बधा कोण छे?" धनसुखभाई माझ्या कानाशी लागले. "लोक जेवायचं विचारतायत. जेवण तो में राख्युं नथी!"

अण्णा पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी एकदा त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे बघितलं, एकदा दुकानातल्या शेगड्यांकडे बघितलं, आणि माझ्या हातातला माईक ओढून घेतला. "जिजी, नवरी नाही. माझी चूक झाली. पण अक्षत दिली तं उपाशी कोणी जाणार नाही. धनसुखभाई, खोला खोके!"

आणि मग जे काय झालं त्याला मी आजही प्रसारण म्हणायला धजत नाही. दुकानातल्या शेगड्या रस्त्यावर आल्या, सिलिंडर घराघरांतून आले, वांगी समोरच्या गाडीवरून आली. कुकरमध्ये वरणाची डाळ चढली, बायकांनी परातीत कणीक तिंबून बट्ट्या वळायला घेतल्या, मिक्सरवर मसाला फिरायला लागला. अण्णा माईक घेऊन या शेगडीपासून त्या शेगडीपर्यंत धावत होते. मला फक्त नावं विचारायची परवानगी होती. शिट्ट्या होत होत्या, बट्टी तुपात चुरचुरत होती. "लसून कमी पडना!" असं जिजी ओरडली, की दुसरी म्हणायची, "तुन्हं तोंड तिखट शे, ते घाल त्यात!" त्यावरून भांडण पेटलं आणि तेही आम्ही सगळ्या गावाला ऐकवलं.

घरी बसून ऐकणाऱ्यांना काही बसवेना. रिक्षा करकरून माणसं यायला लागली. कोणी वास घ्यायला आलं, कोणी पानावर बसायला. आलेला प्रत्येक जण मिक्सर फिरवून बघत होता, कारण मसाला वाटायला त्यालाच लावलं जात होतं. वापरलेल्या शेगड्यासुद्धा बायकांनी सोडल्या नाहीत. हिच्यावर बट्टी चांगली झाली, हीच पाहिजे, म्हणून हट्ट धरून घेऊन गेल्या. धनसुखभाई घामाघूम होऊन पंगतीत वाढत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "मारा मेहमान छे!" मेहुलभाईंचा फोन आला. म्हणाले, "हे काय चाललंय ते मला कळलं नाही, पण वेळ वाढवून दिलीय. थांबवू नका. आणि अण्णांना म्हणावं, काचेच्या खोलीचं विसरा."

मी आनंदाने ओरडतच अण्णांना शोधायला गेले. ते दुकानाच्या मागच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळ्यांना आहेर परत द्यायचा प्रयत्न केला होता, आणि जिजीने दरडावलं होतं, "दिलेला आहेर कोणी माघारी नेतं का? ठेव. लागील तुले." डोक्यावर एकावर एक चढवलेल्या टोप्या, खांद्यावर टॉवेलांचा ढीग, मांडीवर डबे. मी निरोप सांगितला. मला वाटलं उडी मारतील. नुसती मान हलवली.

"अण्णा, अहो राहिलं ना तुमचं लाइव्ह! खूश नाही का?"

"खूश आहे ना ताई." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. पुढे मांडवातून पंगतीचा गलका येत होता. त्यांनी जरा वेळ तो ऐकला. "मी लग्न काबरं नाही केलं, ठाऊक आहे? मला वाटायचं, परक्या गावात आपण एकटे. मांडव घातला तं येणार कोण?"

मग टोप्या सावरत ते माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले.

"सगळे आले ना, ताई."