मुनीमजींचा डबा

शहाद्यात आमची सगळी गल्ली पहाटे तांब्या घेऊन गोमाई नदीच्या काठी जायची, त्या काळात सुपडू आप्पांच्या बोक्याची सोय मात्र घरात होती. रॉकेलचा डबा आडवा कापलेला आणि त्यात गोमाईची चाळलेली वाळू. बोक्याचं नाव मुनीमजी. आप्पा साऱ्या जगाला अरेतुरे करत, बोक्याला अहोजाहो. कापूस आता विकायचा की भाव चढेपर्यंत थांबायचं, असं कुणी विचारलं की म्हणत, "मुनीमजीस्ले इचारा." मग मुनीमजींची शेपटी कुठल्या बाजूला पडते ते बघून स्वतःच उत्तर देत.

हट्टी माणसाला आमच्या पिढीतले लोक अजूनही 'सुपडू आप्पाचा बोका' म्हणतात. ते ऐकलं की माझी मान खाली जाते. तो बोका निर्दोष होता. एवढं सांगायला मला म्हातारं व्हावं लागलं.

मी आप्पांचा भाडेकरू, शाळेत नवा मास्तर. डबा फळ्यांच्या भिंतीपलीकडे, नेमका माझ्या उशाशी. मुनीमजी वाळू उकरायला लागले की माझ्या डोक्यातच कुणीतरी उकरतंय असं वाटायचं, आणि मग यायचा तो वास. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, जनावरले लाज शे म्हनीसन ते वाळू लोटीसन झाकस. तू झाकस का?" मी शाळेतून फिनेलची बाटली आणली आणि आप्पा शेतात गेल्यावर थोडं वाळूत ओतलं.

त्या दिवसापासून मुनीमजींनी डबा सोडला. आधी आप्पांच्या टोपीत झालं. मग गोधडीवर. मग आतल्या खोलीत भावाची वाट पाहत छतापर्यंत रचलेल्या कापसावर. व्यापाऱ्याने ढिगात हात घालून मूठभर कापूस काढला, हुंगला आणि जोडे घातले.

गल्लीचा निकाल एकच: पोत्यात घाला आणि धडगावच्या घाटात सोडा. आप्पांनी मात्र वाळू बदलली. गोमाईची चालत नाही म्हणून बैलगाडीने प्रकाशा गावी जाऊन तापीची आणली, तीर्थाची. मी तिच्यातही फिनेल ओतलं. शेवटी एका सकाळी ते धोतर सावरून स्वतःच डब्यावर उकिडवे बसले. "आसं बठो, मुनीमजी. आसं." मुनीमजी उंबऱ्यावर बसून लक्षपूर्वक बघत होते. समोरच्या ओट्यावरच्या बायकाही.

आखाजी तोंडावर आली होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके घेतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचं कुणीतरी मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जावं लागतं. आप्पांची एकुलती यमू कळसाडीला दिलेली. हा बोका तिनेच पिल्लू असताना आणलेला. तिच्या लग्नात जेवताना व्याह्यांनी भर पंगतीत विचारलं, "व्याही, तुमना बोका कलेक्टर शे का? माणसं वावरमा जातस नि हाऊ घरमा बठस!" पंगत हसली. आप्पा पानावरून उठले. "यान्या ओट्यावर मी पाय ठेवाव नही." तेव्हापासून यमूला कुणी आणायला गेलं नव्हतं. आप्पांना मुलगा नव्हता. बायको कधीच गेली होती.

आणि त्या आठवड्यात मुनीमजींनी माळ्याखाली उभी ठेवलेली यमूच्या झोक्याची फळी भिजवली.

आप्पांनी फळी पुसून उन्हात ठेवली. मग मला हाक मारली. "मास्तर, आते समजनं. यास्ले यमू पाहिजे. म्हनीसन हाई सगळं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल, आप्पा."

मला बरोबर घेऊन ते कळसाडीला गेले. ओट्यावर चढले नाहीत. खाली उन्हात उभे राहून मान वर न करता म्हणाले, "मी सोताहून नही उना. माले मुनीमजीस्नी धाडं." व्याही हसतील असं मला वाटलं. ते आत वळून म्हणाले, "यमू, गाठोडं बांध."

यमू घरी आली, बोक्याला काखेत घेतलं, डब्याशी वाकली, वास घेतला आणि क्षणात सरळ झाली. आप्पा गूळ आणायला गेले होते. ती माझ्याकडे बघत राहिली.

"गुरुजी, हाई तुम्हीन करं ना?"

मी मान डोलावली.

"आप्पाले सांगू नका." थोडं थांबून ती म्हणाली, "पुढली आखाजीले बी टाकज्यात."

डबा तिने स्वतः घासला. दुसऱ्या दिवशी मुनीमजी त्यात असे जाऊन बसले, जणू काही झालंच नव्हतं. गल्लीत मात्र त्यांची ख्याती कायम झाली. आणि मी दरवर्षी आखाजीच्या आधी शाळेतून बाटली आणत राहिलो. दरवर्षी टोपी भिजायची, आप्पा कपाळाला हात लावायचे आणि कळसाडीला जाऊन ओट्याखाली उभे राहायचे.

मग एका हिवाळ्यात मुनीमजी गेले. आप्पांनी त्यांना गोमाईच्या वाळूत पुरलं.

आखाजी आली. आप्पा घरातून हलेनात. दोनदा टोपी घातली, दोनदा काढून खुंटीला लावली. दुपारी माझ्या दारात उभे राहिले. हातात तो डबा, स्वच्छ घासलेला, नवी वाळू भरलेली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुन्ही ती शाळानी बाटली शे का?"

मी बाटली दिली. त्यांनी आपल्या हाताने थोडं वाळूत ओतलं, खाली वाकून वास घेतला, डोळे पुसले आणि टोपी नीट केली.

"मुनीमजी काही ऐकतस नहीत," ते म्हणाले. "कळसाडीले जानं पडी."