हिवाळे सरांचं टाचण

हिवाळे सरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दर सोमवारी परिपाठ संपला की ते माझ्या ऑफिसच्या दारात उभे असतात. काखेत खाकी कव्हर घातलेली वही, खिशात दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल माझ्यासाठी.

"जयभीम मॅडम. टाचणावर सही पायजे."

शाळेशी ज्यांचा संबंध दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी सांगते. उद्या वर्गात काय शिकवायचं, कशाच्या मदतीने शिकवायचं आणि ते पोरांच्या डोक्यात शिरलं की नाही हे कसं ओळखायचं, हे शिक्षकाने आधी लिहून काढायचं असतं. त्याला टाचण म्हणतात. मुख्याध्यापकाने ते तपासून सही करायची. आम्ही बहुतेक जण मागच्या वर्षीच्या वहीवरून ते उतरवून काढतो. मुख्याध्यापकही न वाचताच सही करतात. मी आता मुख्याध्यापिका आहे, म्हणून हे दोन्ही गुन्हे माझ्या नावावर आहेत.

टेंभुर्णीपासून थोडं आत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे हिवाळे सर आणि मी नऊ वर्षं बरोबर होतो. या नऊ वर्षांत त्यांनी एकदाही टाचण उतरवलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, मी डोळे पुसले आणि पुढच्या सोमवारी सर हजर! वही उघडून माझ्यापुढे ठेवली. त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं:

घटक: वांगी खरेदी. उपघटक: भरताची. पूर्वज्ञान: मागच्या बाजारात चारपैकी दोन किडकी निघाली. उद्दिष्ट: विकणाऱ्या बाईचं मन न दुखावता वांगं दाबून पाहणे. साहित्य: पिशवी, डाव्या हाताचा अंगठा. मूल्यमापन: भरीत.

मी पोट धरून हसले. "सर, आता कशाला सही लागते?"

"मंग काय बिगर तपासलेलंच शिकवू का?"

"पण शिकवायचं कुणाला?"

"ते बाजारात गेल्यावर कळंल की."

माणूस वेडा आहे हे मला नऊ वर्षांपासून माहीत होतं, त्यामुळे वाद न घालता सही केली. खाली शेरा मारला, 'भरीत जमल्यास कळवणे.' दोन दिवसांनी विमलताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, डबा पाठवला. भरीत झकास होतं.

तेव्हापासून मी त्यांची किती टाचणं तपासली याची गणती नाही. पत्र्याच्या छताची गळती, किराणा दुकानदाराशी अबोला सोडवणे, पुतण्यासाठी मुलगी पाहायला जाणे. या शेवटच्या पाठात 'मुलाने मुलीच्या वडिलांसमोर पोहे स्वतः करून दाखवावेत' अशी कृती होती. पुतण्या भर बैठकीतून उठून गेला. पण सोयरीक जमली, कारण मुलीला नवरा नाही तरी निदान चुलतसासरा पसंत पडला!

सरांचा सगळा जीव त्या 'पूर्वज्ञान' नावाच्या रकान्यात. नवीन शिकवण्याआधी समोरच्याला आधीचं काय येतं ते बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही तिथे 'विद्यार्थ्यांना बेरीज माहीत आहे' असं ठोकून देतो आणि मोकळे होतो. सर मात्र कंडक्टरलाही सोडायचे नाहीत. "मास्तर, राजूरला गाडी कधी जाईल?" असं त्याने उलट त्यांनाच विचारायची वेळ यायची, इतके ते आधी त्याचं पूर्वज्ञान तपासायचे.

एकदा चौथीतली एक मुलगी वजाबाकीला अडली. तिच्या बाई म्हणाल्या, हिच्या डोक्यात काही जायचं नाही. सरांनी तिला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, तुझ्या घरी काय काय आहे? शेळ्या आहेत, ती म्हणाली. मग किती व्याल्या, किती विकल्या, किती लांडग्याने नेल्या, सगळा हिशोब तिने बोटांवर न मोजता घडाघडा सांगितला. सर बाईंना येऊन म्हणाले, "तिला वजाबाकी बराबर येती. आपल्यालाच शेळ्या येत न्हाईत."

शिकवायचं साहित्य त्यांनी कधी विकत आणलं नाही. तक्ते, मॉडेलं, थर्माकोल, कशालाच हात लावायचे नाहीत. अपूर्णांक शिकवायला त्यांनी प्रत्येकाला घरून एक भाकरी आणायला सांगितली होती. अर्धी, पाव, पाऊण असं करत करत वर्गाने अपूर्णांक शिकले. तेवढ्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि म्हणाले, टाचणात साहित्य लिहिलंय, ते दाखवा. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, पोरांच्या पोटात हाये." एक पोरगं ढेकर देऊन साक्षीला उभं राहिलं.

अशा या माणसाला घरात मात्र बोलता यायचं नाही. घरातलं बोलणं सगळं विमलताईंचं खातं. करुणा ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिचा फोन आला की सर "हां, देतो" एवढं म्हणायचे आणि फोन विमलताईंच्या हातात. मग त्या तासभर बोलायच्या आणि सर शेजारी बसून नुसते ऐकायचे. आमच्याकडे बहुतेक बाप असेच. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही.

गेल्या वर्षी विमलताई गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. त्या सोमवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारी आले. वहीत वर तारीख होती आणि खाली पूर्ण पान रिकामं. मी काही न विचारता सही केली. सर वही घेऊन गेले.

मागच्या आठवड्यात मात्र ते सकाळी आले नाहीत. शाळा सुटली, पोरं गेली, मी ऑनलाइन माहिती भरत एकटीच बसले होते. तेव्हा सर आले आणि त्यांनी वही पुढे केली.

घटक: करुणाशी फोनवर बोलणे. वेळ: ३५ मिनिटे. उद्दिष्ट: १. फोन दोन मिनिटांच्या पुढे नेणे. २. 'घरी ये' असे न म्हणता तिला यावेसे वाटणे. साहित्य: चार्ज केलेला मोबाइल, चष्मा, पाण्याचा तांब्या.

पूर्वज्ञानाचा रकाना कोरा होता. मी वर पाहिलं.

"आधी रोज फोन यायचा मॅडम. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ठेवते, ठेव. मंग दोन दिवसाआड यायला लागला. आता आठ दिवस झाले, न्हाई." सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. "तिचं काय चुकतंय? ह्या बाजूनं कुणी बोलतच न्हाई, तर ती तरी कितीक दिवस करंल? असंच चाललं तर लेक माझ्या जित्तेपणीच तुटंल."

"अहो, मग हे रिकामं का ठेवलंत?"

"मला तिचं काहीच माहीत न्हाई. सगळं तिच्या मायकडं होतं. तुम्हीच सांगा, पोरी बापासंगं काय बोलत असतेत?"

 उत्तर मलाही येत नव्हतं. माझे वडील भोकरदनला असतात. आमचं बोलणं म्हणजे लाइट आली का आणि नळ आला का. त्यापुढे आम्ही दोघंही कधी गेलो नाही. तरी मुख्याध्यापिकेचं सोंग घेऊन मी चार प्रश्न सुचवले, सरांनी चार स्वतः काढले. मग ते म्हणाले, "आता तुम्ही निरीक्षणाला बसा. माझं कुठं चुकलं तर खूण करा." सरांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा? काय झालं? तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये." सरांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात धडा वाचतात तसं खणखणीत वाचलं, "तुझ्या खोलीत हवा खेळती हाये का?"

"आं? हाये."

"दवाखान्यात तुला मधूनमधून बसायला मिळतं का?"

"मिळतं की. बाबा, तुमच्याजवळ कोण हाये?"

"मॅडम हायेत." घाईघाईने पुढचा प्रश्न. "तुझ्या मैत्रिणींची नावं कोणकोणती आहेत?"

मी कपाळाला हात लावला. ही खूण सरांनी बघितलीच नाही.

 पलीकडून करुणाने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही वाचून राह्यलात का?"

खोटं बोलणं सरांना जमत नाही. "हो," ते म्हणाले.

"टाचण काढलं?"

"काढलं."

"माझ्यावर?"

"हो गं."

करुणा हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बदलला. सर माझ्याकडे पाहत होते. पाठ बुडाला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मास्तरच्या घरात वाढलेल्या पोरीला सगळे रकाने पाठ असणारच. तिने विचारलं, "पूर्वज्ञानात काय लिहिलंय?"

सरांचा हात वहीवर होता. 

"कोरं हाये, माय. मला काहीच ठाव न्हाई."

दूर कुठेतरी ढकलगाडीचा आवाज आला, कुणीतरी 'सिस्टर' अशी हाक मारली. "आलेच," ती तिकडे म्हणाली. मग फोनवर, "पेन हाये का हातात?"

"हाये."

"लिहा मंग. एक. मी चहा सोडला. पित्त होतं."

सरांनी लिहिलं.

"दोन. मी लहान लेकरांच्या वॉर्डात हाये. तुम्ही सगळ्यांना ऑपरेशनला हाये म्हणून सांगता, तसं न्हाई. तीन. मला भाकरी यायला लागली. गोल होत न्हाई, पण फुगती. चार. मला दिवाळीला सुट्टी होती. मी खोटं बोलले. आईबिगर घरात पाय टाकायचं भेव वाटलं."

पेन क्षणभर थांबलं, पुन्हा चालू लागलं. रकाना भरला होता. सर आता समासात लिहीत होते, मान खाली घालून, ओठ हलवत, पोरं लिहितात तसं. तिथे माझं काही काम उरलं नव्हतं. निरीक्षकाने पाठ अर्धवट सोडून उठू नये असा नियम आहे, पण मी उठले आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि ते सरांना दिसायला नको होतं.

आत करुणा बोलतच होती, आता भराभर. "पाच. तुम्ही फोन ठेवला की मी फोनकडं बघत बसते. तुमच्याशी लई बोलावं वाटतं, पण काय इचारावं ते मलाबी कळत न्हाई. सहा..."

"थांब, थांब," सर म्हणाले.  "जरा हळू सांग, माय. मी मागं राह्यलो."